मानपाड्याचे मूळ

पुणे स्टेशनाबाहेर एका फराळवाल्याने पाटी लावली होती, ‘शुध फराळ’. शुद्ध हा शब्दच ज्याला शुद्ध लिहिता येत नाही त्याच्या हातचे खावे की नाही, याचा मी बराच वेळ उभ्याने विचार केला आणि शेवटी घरच्या दशम्यांचे गाठोडे सोडले. गाडी सुटायला अजून पाऊण तास होता. वाचकांनी माझ्याविषयी जे जाणून घ्यायला हवे ते बहुतेक एवढ्यात आलेच. बाकीचे थोडक्यात सांगतो. शिळाप्रेसवर ज्या पोथ्या छापतात त्यांची अक्षरे आधी कोणाला तरी चिकट शाईने कागदावर वळवावी लागतात. मग तो कागद दगडावर दाबतात आणि दगड ती अक्षरे उचलतो. ती अक्षरे वळवणारा मी, आणि बावीस वर्षांत माझ्या हातून एक उकार वाकडा गेला नव्हता.

आता उकार वाकडा जातो. गेल्या फाल्गुनात आमची द्वारकी सातव्या वर्षी तापाने गेली. तिच्याविषयी येथे लिहिण्याचे कारण नाही. त्यानंतर पंधरा दिवसांनी माझा उजवा हात कापू लागला. आधी वेलांटी थरथरली, मग उकार, आणि दिवाळीनंतर तर सरळ काना ओढला तरी तो पावसात भिजलेल्या सुतळीसारखा दिसे. झोप तर उडालीच. छाती उगाच धडधडे. प्रेसचे मालक भले गृहस्थ, पण त्यांनीही संक्रांतीला तिळगूळ देता देता सांगितले की पाडव्याला नवी पोथी हाती घ्यायची आहे; तोवर हात स्थिर झाला तर ठीक, नाहीतर ती शिशाच्या अक्षरांच्या खिळ्यांनी जुळवून घेऊ. गोड बोला म्हणायच्या दिवशी त्यांनी ते गोडच सांगितले. मला मात्र घरी येईपर्यंत रस्ता दिसला नाही.

आमच्या पेठेतल्या वैद्यांनी नाडी पाहून आस्कंध सांगितला. यालाच कोणी डोरगुंज म्हणतात, ग्रंथांत अश्वगंधा म्हणतात. पण बाजारातली मुळे किडकी आणि जुनाट, ती देण्यात अर्थ नाही, असे ते म्हणाले. त्यांचे एक गुरुबंधू ठाण्यास खोपट येथे राहतात, त्यांच्या ओळखीत ताजे मूळ मिळते. तिकडे जावे, म्हणजे हवापालटही होईल. त्यांनी पत्र टाकले की पाहुणा सोमवारी येतो. मी रजा घेतली. कुटुंबाने न बोलता दशम्या बांधून दिल्या. दहा महिने आमच्या घरात बहुतेक गोष्टी न बोलताच होत असत.

घाटात खंडाळ्यापुढे गाडी थांबली, एंजिन या टोकाचे त्या टोकाला गेले आणि आम्ही आलो त्याच्या उलट तोंडाने खाली उतरू लागलो. समोरचा मारवाडी गृहस्थ डोळे मिटून जप करीत होता. मी खिडकीतून पाहिले आणि मग मीही डोळे मिटले. खाली कर्जतला हवा एकदम जड आणि कोमट झाली. उपरणे काढून ठेवावे लागले. पौषात उपरणे काढायचे म्हणजे आपण देश सोडून कोकणात उतरलो, हे अंगाला आधी कळते.

ठाण्याचे तिकीट असूनही मी कल्याणास उतरलो. तेथे माझा शाळेतला मित्र बापू कोर्टात कारकून आहे. एक रात्र त्याच्याकडे काढून रविवारी पुढे जावे, असा बेत होता. बापूने तो बेत हाणून पाडला. त्याच्या मते सोमवार काय आणि बुधवार काय, मुळे कुठे पळून जात नाहीत. शिवाय मला औषध हवे तर कल्याणात ते हवे तितके आहे. हे मात्र खरे निघाले. बापूच्या शेजाऱ्यांनी तुळशीचा काढा आणला. त्याच्या सासऱ्यांनी गुळवेल सुचवली, आणि तीसुद्धा कडुनिंबावर चढलेलीच हवी, आंब्यावरची नको, असे बजावले. कोर्टातले एक नाझर शतावरीची स्तुती करून गेले. सोमवारी सकाळी बापूने मला शेणाळे तळ्याच्या काठी नेले आणि चिखलातून ब्राह्मीची पाने खुडून माझ्या हातावर ठेवली. ती चावून मी जे तोंड केले ते पाहून धुणे धुणाऱ्या बायकाही हसल्या.

“बुद्धी वाढते याने,” बापू म्हणाला.

“मला बुद्धी नको आहे, हात हवा आहे,” मी म्हणालो.

त्याने हातातली उरलेली पाने तळ्यात टाकली, आणि मला वाईट वाटले, कारण बापू माझ्याच काळजीने हे सारे करीत होता. म्हणून मी सोमवारही त्याच्याकडे राहिलो. वालाचे बिरडे आणि तांदळाची पांढरी शुभ्र भाकरी पोटभर खाल्ली. आम्ही दुर्गाडीच्या किल्ल्यावर चढून खाडीकडे पाहत बसलो. भाताने भरलेली गलबते भरतीची वाट पाहत ओळीने उभी होती. बापूने शाळेतल्या सगळ्या मास्तरांची आठवण काढली. द्वारकीची आठवण त्याने काढली नाही, आणि मी त्याबद्दल त्याचे मनात आभार मानले. माझे असे आभार मानून घेणारे लोक त्या वर्षात पुष्कळ होते.

मंगळवारी ठाण्यास पोचलो. मासुंद्याच्या तळ्यापासून खोपटाकडे जाणारा रस्ता भातखाचरांमधून जातो. भात कापून झालेले, खाचरांत वाल हिरवागार उभा. वैद्यबुवांचे घर एका चिंचेखाली. सत्तरी ओलांडलेले, अंगाने वाळकुडे, कानांवर केस. त्यांनी आधी मला रागावून घेतले. सोमवारचा निरोप त्यांनी पुढे धाडला होता. लोक काय तुमच्यासाठी मुळे उकरून हातात धरून बसतात काय? मी खाली मान घातली. मग त्यांनी नाडी धरली ती बराच वेळ सोडली नाही.

मी त्यांना विचारले की माझा रोग कोणता. ते म्हणाले, रोग नाही. ओझे आहे. आस्कंध हे रोगाशी भांडणारे औषध नव्हे, ते रसायन. अंगात सोसण्याचे बळ आणते. बैल तोच, गाडी तीच, रस्ताही तोच, पण बैलाला चारा बरा मिळाला तर तो चढ चढतो. हात थांबेलच असे मी सांगत नाही, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. पुण्याच्या वैद्यांनी असे स्पष्ट सांगितले नव्हते, म्हणून मला हेच अधिक पटले.

मग त्यांनी घ्यायची रीत सांगितली आणि ती लिहून घ्यायला कागद पुढे केला. मी बोरू उचलला. ‘दूध’ एवढा शब्द लिहिला आणि त्याचा दीर्घ उकार कागदाबाहेर गेला. वैद्यबुवांनी बोरू माझ्या हातातून काढून घेतला आणि उरलेले स्वतः लिहिले. त्यांचे अक्षर कोंबडीच्या पायासारखे होते, पण एकही रेघ हलत नव्हती. चाळीस वर्षांच्या माणसाला सत्तर वर्षांच्या माणसाच्या हाताचा हेवा वाटावा, याची मला लाज वाटली.

मूळ मिळायचे ठिकाण म्हणजे डोंबिवलीपलीकडचा मानपाडा. तेथे चांगुणा नावाची आगरी बाई (या भागात भातशेती आणि मिठागरे करणारे ते आगरी) आपल्या शेताच्या बांधावर आस्कंध राखते. वैद्यबुवांनी सांगितले की आगगाडीनेही जाता येईल, पण सकाळच्या भरतीबरोबर होडी जाते, ती खाडीची हवा तुम्हाला मानवेल.

हवा मानवली, पण होडी मानवली नाही. निघालो तेव्हा मिठागरांवर ऊन नुकतेच पडले होते आणि वाफ्यांतले पाणी इतके स्थिर होते की त्यात वरचे ढग मोजता आले असते. उजवीकडे पारसिकचा डोंगर बरोबर चालला होता. मुंब्र्यापुढे तांडेलाने (होडीच्या म्होरक्याने) तंबाखू मळायला घेतली, कोणाशी तरी हाका मारून बोलला, आणि तेवढ्यात भरतीने आम्हांला सोडून दिले. होडी एका बाजूला कलून चिखलात बसली.

“होरी आता नाय हालाची,” तांडेल म्हणाला. “पानी येल तवा जाऊ.”

मला राहवले नाही. मी म्हणालो, “होरी नव्हे, होडी.”

त्याने माझ्याकडे शांतपणे पाहिले. “तुमची होडी, आमची होरी. रुतली दोगांची सारकीच.”

चार तास आम्ही तेथे बसलो. मी वैद्यबुवांच्या कागदामागे शिसपेन्सिलीने टिपून काढले: होडीला होरी, गाडीला गारी, झाडाला झार. ‘या लोकांच्या बोलण्यात ड चा र होतो,’ असा निष्कर्षही थरथरत्या अक्षरात लिहून ठेवला. मला मोठे समाधान वाटले. परक्या मुलखात जाऊन चार तासांत तेथल्या भाषेचा नियम शोधून काढणारा मनुष्य मी एकटाच असेन, असे वाटले. हे समाधान संध्याकाळपर्यंत टिकले.

डोंबिवलीच्या बंदरावरून बैलगाडीने मानपाड्यास पोचलो तेव्हा उन्हे कलली होती. कुडाची भिंत, शेणाने सारवलेले अंगण, कडेला सुपात वाल. चाळिशीच्या आतली एक ठेंगणी बाई शेंगा सोलत बसली होती. गाडीवानाने माझी ओळख दिली, ठाण्याच्या वैद्यांचा पुण्याचा पाहुणा. बाई उठली, लुगड्याला हात पुसले आणि मला ओट्यावर बसायला सांगितले. तिच्या आवाजात थोडी नाराजी होती.

“सोमवारी याचं होतं ना तुमी? दोन दीस वाट बगली. काल सांजचा मूल मातीन घातला.”

मातीन म्हणजे मातीत, हे मला कळले. बाकीचे कळायला काही अडचणच नव्हती. मी जागच्या जागी थंड झालो. या घरात काल संध्याकाळी मूल पुरले, आणि आज ही बाई पाहुण्याला बसायला सांगते आहे. वाट पाहिली म्हणते. कोणाची, माझी? वैद्यांनी माझ्याबरोबर त्या मुलासाठी काही औषध द्यायचे ठरवले होते की काय, जे मी कल्याणात भाकऱ्या खात बसल्यामुळे पोचले नाही? वैद्यबुवांनी तसे काही दिले नव्हते, हे मला माहीत होते. पण त्या वेळी माझे मन माहीत असलेल्या गोष्टींवर चालत नव्हते.

मी कसेबसे विचारले, किती वर्षांचे होते.

“दोन पावसाल्यांचा,” ती म्हणाली.

येथेच माझ्या लक्षात यायला हवे होते. जी बाई पावसाळ्याला पावसाला म्हणते ती मुळाला काय म्हणेल, हे पहिलीतल्या पोरानेही सांगितले असते. पण मी ड चा र टिपून घेतला होता आणि ळ चा ल टिपायचा राहिला होता. बावीस वर्षे लोकांच्या चुका काढणाऱ्याच्या हातून हे व्हावे! मी म्हणालो, फार वाईट झाले.

“वायट कशाला? मातीन चांगला ऱ्हातं. उगरा ठेवला का सुकून जातं.”

दुःखाने हिचे डोके फिरले आहे, असे मला वाटले. तिने माझा चेहरा पाहिला असावा, कारण ती समजूत घालू लागली, आणि मला ती समजूत अधिकच भयंकर वाटली.

“आनकी दोन हायत बांदावर. पायजे तर ती बी देते तुमाला. येवरा काय त्यात?”

मी ओट्यावरच खाली बसलो. बाई, असे बोलू नका, असे मी म्हणालो. आणखी दोन असली म्हणून गेलेले परत येते काय? आणि मग माझ्या तोंडून जे निघाले ते माझे मलाच ऐकू आले.

“माझीही वाट पाहत होती. मी प्रेसात होतो.”

चांगुणा सुपाशी थांबली. “कोन वाट बगत व्हती?”

मी सांगितले. परक्या गावात, परक्या ओट्यावर, गाडीवान बैल सोडायचे विसरून उभा असताना, मी ते सारे सांगितले जे दहा महिने कोणालाही सांगितले नव्हते. एका पोथीची शेवटची चार पाने राहिली होती. द्वारकीला सकाळपासून ताप होता, पण ताप मुलांना येतोच. निघताना ती म्हणाली, लौकर या, माझ्या पाटीवर ‘ळ’ काढून द्या, मला त्याची गाठ जमत नाही. दुपारी निरोप आला की ताप चढला आहे. मी म्हणालो, दोन पाने झाली की निघतो. पाने सुंदर झाली. मालकांनी ती अजून नमुना म्हणून दाखवायला ठेवली आहेत. मी दिवेलागणीला घरी पोचलो. पाटी तिच्या उशाशी होती आणि तिच्यावर अर्धा काढलेला ‘ळ’ होता. मी रडलो तो असा रडलो की आवाज आवरेना. माझ्या वडिलांच्या वेळीही मी असा रडलो नव्हतो.

चांगुणा समोर बसून ऐकत होती. मी थांबलो तेव्हा ती उठली, घरामागे गेली आणि ओल्या मातीने भरलेले एक मडके घेऊन आली. मातीत हात घालून तिने बोटभर जाडीचे, फिकट पिवळट, वीतभर लांब असे काहीतरी उपसले आणि माझ्यासमोर धरले. त्याला घोड्याच्या अंगाचा वास येत होता.

“ह्या बगा मूल,” ती हळूच म्हणाली. “तुमच्यासाटी कारलेला. सुकू नये म्हनून मातीन घातला.”

मी त्या मुळाकडे पाहत राहिलो. मग मला हसू आले. डोळ्यांतले पाणी थांबले नव्हते आणि वरून हसू, असा तो प्रकार होता. मी हसल्यावर गाडीवानाला धीर आला आणि तो खो खो हसत सुटला. चांगुणा मात्र सगळ्यात शेवटी हसली, तेही थोडेच. मग तिने पदराने मुळाची माती पुसता पुसता विचारले,

“आनि तुमची बायको? तिचा पन मूल गेला ना. तिला औसद कोनी दिला?”

या वेळी ती मूळ म्हणाली की मूल, हे मला सांगता येईना. मी शुद्ध करायला गेलो नाही. दोन्ही बरोबर होते. माझा हात कापतो म्हणून दोन वैद्यांनी माझी नाडी पाहिली, मालकांनी विचारपूस केली, अर्ध्या कल्याणाने मला काढे पाजले. कुटुंबाचा हात कापतो की नाही, हे कोणी पाहिले नव्हते. मीही नाही. तिचे काम असे होते की हात कापला तरी भाकरी होते.

मी म्हणालो, तिलाही हवे.

चांगुणाने सांगितले की बांधावरची दोन मुळे आता काढता येणार नाहीत. झाडाला आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते, ऐन वेळी जाऊन ओढले तर औषध लागू पडत नाही. ती मला बांधावर घेऊन गेली. कमरेएवढी दोन झुडपे, पाने बरीचशी झडलेली, कोरड्या पापुद्र्याच्या आत लाल मण्यांसारखी फळे. तिने बुडाशी चार तांदूळ ठेवले आणि माझ्याकडे पाहिले.

“कोनासाटी कारतो, त्याचा नाव सांगा.”

मी म्हणालो, माझ्या कुटुंबासाठी.

“कुटुम नको. नाव.”

वाचकहो, माझ्या लग्नाला अठरा वर्षे झाली. एवढ्या वर्षांत मी ते नाव लग्नातल्या उखाण्याशिवाय कधी उच्चारले नव्हते, आणि त्या उखाण्यातही यमक जुळवण्याकडेच लक्ष होते. मी आजूबाजूला पाहिले. गाडीवान दूर होता. मी वाकून त्या झुडपाला सांगितले, “उमेसाठी.” कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

त्या संध्याकाळी चांगुणाने मडक्यातल्या मुळाचा तुकडा ठेचून दुधात उकळला आणि मला दिला. परजातीच्या हातचे दूध चालते, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग तांदळाची भाकरीही चालली. ती गोष्ट पुण्यात कोणाला सांगायची नाही असे ठरवले होते, म्हणून येथे लिहितो आहे. दूध कडवट होते आणि घशाखाली उतरल्यावर ऊब मागे राहत होती. ओट्यावर घोंगडी घालून पडलो तो कोंबडा आरवल्यावर जागा झालो. हा गुण मुळाचा, की चिखलात बसून झालेल्या दमणुकीचा, की रडण्याचा, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. वैद्यबुवा म्हणतील मुळाचा. एका घोटाने रसायन लागू पडत नाही हे त्यांनीच सांगितले असले, तरी ते तसेच म्हणतील.

सकाळी चांगुणाने न बोलता दोन्ही झुडपे उकरली. अंगाची सावली त्यांच्यावर पडू नये म्हणून ती उन्हाकडे तोंड करून बसली होती. मुळे ओल्या मातीसकट केळीच्या पानात बांधून दिली. त्यांचे काय करायचे ते तीनदा सांगितले. घरधनी मिठागरावर गेला होता, त्याची भेट झाली नाही. निघताना मी तिला म्हणालो की तुमच्या बोलण्यात ड चा र होतो हे मला कळले होते, ळ चा ल होतो हे कळले नाही. तिने विचार केला.

“आमी तं सरलच बोलतो,” ती म्हणाली. “तुमीच जीब वलवताव.”

डोंबिवलीस गाडी पकडली, कल्याणास ती बदलली. बापूला भेटलो नाही, नाहीतर आणखी दोन दिवस गेले असते. घाट चढताना डब्यातल्या एका गृहस्थाने नाक वर करून इकडेतिकडे वास घेतला आणि मला अदबीने विचारले की आपला घोड्यांचा व्यापार आहे काय. मी म्हणालो, नाही, माझा अक्षरांचा आहे. खंडाळ्याला थंडी वाजू लागली, उपरणे पुन्हा अंगावर घेतले आणि केळीच्या पानाची पुडी त्याच्या आत धरून बसलो.

घरी पोचलो तेव्हा दुपार कलत होती. कुटुंबाने पायांवर पाणी दिले आणि नेहमीप्रमाणे काही विचारले नाही. मी स्वयंपाकघरात गेलो, चुलीजवळ बसलो आणि दूध मागितले. मुळाचा तुकडा धुऊन ठेचू लागलो. माझ्या हाताने तो नीट ठेचला जाईना, तेव्हा तिने वरवंटा माझ्याकडून घेतला. त्या वेळी मी प्रथम तिच्या हाताकडे पाहिले. तोही कापत होता. किती दिवसांपासून, हे विचारायचे मला धैर्य झाले नाही.

दूध उकळून खाली आले. मी दोन फुलपात्रे पुढे ओढली. तिने एकच भरले आणि माझ्याकडे सरकवले. मी दुसरे भरले आणि तिच्याकडे सरकवले.

“मला कशाला? मला काय झालंय?” ती म्हणाली. मग वास घेऊन विचारले, “आणि हे आहे तरी काय?”

“मूळ आहे,” मी म्हणालो. “तिकडचे लोक याला मूल म्हणतात.”

तिचा हात फुलपात्रावर तसाच राहिला. मला वाटले, मी फार वाईट बोललो. मग तिने फुलपात्र उचलून गालाला लावून पाहिले.

“थोडं निवू दे,” ती म्हणाली. “द्वारकीला असंच कोमट लागायचं.”

दहा महिन्यांनी त्या घरात ते नाव निघाले. आम्ही दूध निवेपर्यंत बसलो आणि ती द्वारकीविषयी बोलत राहिली. तिच्या केसांविषयी, तिच्या हट्टाविषयी, आणि त्या शेवटच्या दुपारी ती काय काय म्हणाली त्याविषयी, जे मी कधी विचारले नव्हते. मी सारे ऐकले. मग मी देवघराच्या फळीवरून द्वारकीची पाटी काढली. धूळ पुसताना त्या अक्षराला धक्का लागू नये म्हणून फार जपावे लागले. तिने पेन्सिल माझ्या हातात दिली आणि मनगट खालून धरले. तिचा हात कापत होता, माझाही कापत होता, आणि आम्ही दोघांनी मिळून तो अर्धा राहिलेला ‘ळ’ पुरा केला. गाठ थोडी वाकडी आली आहे. ती मी दुरुस्त करणार नाही.